यांच्या नावची पावलं

माझ्या रोजच्या वहीत वर ‘श्री’, खाली तारीख आणि तिथी, आणि तिथीच्या शेजारी एकच अक्षर असतं: ए, बी किंवा सी. एकादशी, सी. संकष्टी, बी. ती यांची शिफ्ट. सकाळी सात ते तीन म्हणजे ए, तीन ते अकरा बी, आणि रात्री अकरा ते सकाळी सात सी. दर सोमवारी अक्षर बदलतं. कुकर किती वाजता लावायचा, पडदे कधी ओढायचे, आरतीला घंटा वाजवायची की नुसती हातात धरायची, हे सगळं आमच्या घरात त्या अक्षरावर ठरतं.

यांचं नाव त्र्यंबक. गावाकडे मात्र त्र्यंबक म्हणून कोणी ओळखायचं नाही. पाच भावंडांत शेवटचे, म्हणून धाकू. गाव खडवली स्टेशनपासून दीड तास पायी. लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या अंगावर शालू, पायात नव्या चपला, आणि हे खांद्यावर ट्रंक घेऊन पुढे. “किती राहिलं हो?” विचारलं की म्हणायचे, “हे काय, आलंच.” असं गाव चारदा आलं. मी फारच मागे पडले की हे एखाद्या झाडाशी थांबायचे. पण माझ्याकडे बघायचे नाहीत. झाडाचं खोड निरखत उभे राहायचे, जसं काही झाडाचंच काम होतं. मी पोचले की म्हणायचे, “या सागाला यंदा कीड लागलीय,” आणि परत चालू. नवीन नवरी दमली हे तिला जाणवू द्यायचं नाही, म्हणून तेवढी खटपट. हे मला कळायला दोन-तीन वर्षं लागली.

वागळे इस्टेटमध्ये रंगाच्या कारखान्यात हे फिटर होते. दिवसभर जिने, पाइप, पंप. एक व्हॉल्व्ह या टोकाला तर दुसरा त्या टोकाला. तेव्हा आम्ही ठाण्यातच एका खोलीत राहत होतो आणि हे कामावरून चालत घरी यायचे. एवढं करून नवरात्रात ए शिफ्ट असली की संध्याकाळी मला म्हणायचे, “चल, टेंभी नाक्याला जाऊन येऊ.” तिथल्या गर्दीतही तेच. हे पुढे, मी मागे, मग हे भांड्यांच्या दुकानाची पाटी वाचत उभे.

“इतकं काय वाचताय?”

“प्रोप्रायटरचं नाव पाठ करतोय.”

देवीपुढे हात जोडून मी त्या वयात काय काय मागितलं असेल. हे चालणं कधी मागितलं नाही. ते होतंच.

पुढे डोंबिवलीत घर झालं, मुलगी देवयानी शिकली, पुण्याला नोकरीला लागली. आणि नऊ वर्षांपूर्वी कारखान्यात सगळं कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा यांना पॅनलवर घेतलं. पॅनल म्हणजे काचेची गार खोली आणि समोर सहा पडदे. कुठल्या टाकीत किती माल, किती तापमान, सगळं आकड्यांत दिसतं. उन्हातून आणि जिन्यांतून सुटले म्हणून मी देवापुढे पेढे ठेवले होते. पॅनलचा नियम मला नंतर कळला. खुर्ची रिकामी ठेवायची नाही. बदली माणूस आला, त्याने सही केली, की मगच उठायचं. चहा खुर्चीवर, डबा खुर्चीवर. त्याच सुमारास कंपनीची बस सुरू झाली. ती आमच्या नाक्यावर येते. दारापासून बसपर्यंत साठ पावलं. मी मोजली आहेत.

ए शिफ्टला हे साडेचारला घरी येतात आणि बसल्या जागी डोळा लागतो, कारण पहाटे साडेचारला उठलेले असतात. बीला सकाळ मोकळी असते म्हणावं, तर रात्री एकला जेवून झोपलेला माणूस नऊला उठतो. अंघोळ, चहा, पेपर, जेवण, की बस आली. सीला तर दिवसच नसतो. अंगाला एका वेळेची सवय लागते न लागते तो सोमवार येतो. राहिला रविवार. रविवारी हे पडून असतात. “बसून बसून माणूस दमतो, हे सांगितलं तर लोक हसतील,” म्हणतात. मी हसले नाही कधी.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंत फेरी मारायचो. ती फेरी नेमकी कधी बंद पडली ते मी वहीत शोधलं. सापडलं नाही. आज गेलो नाही, असं कोण लिहून ठेवतं?

गेल्या माघात एका मुंजीला गेलो होतो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मी चढता चढता मागे बघितलं तर हे दुसऱ्या मजल्यावर विजेच्या मीटरचे आकडे वाचत उभे. मला क्षणभर बरं वाटलं, अगदी जुनं काहीतरी परत आल्यासारखं. मग लक्षात आलं, मी तर वर आहे. माझ्यासाठी थांबायचं काही कारणच नव्हतं.

त्यानंतर रक्त तपासलं. साखर बरीच होती. आमच्या डॉक्टर योगिनीताई म्हणाल्या, “काका, गोळी देते. पण रोज चालायचं. गोळीचं निम्मं काम पायांनी करायचं असतं.” हे “हो हो” म्हणाले. ती सी शिफ्ट होती.

देवयानीला कळल्यावर तिने पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. आकडा माझ्या फोनवरून थेट तिच्याकडे पुण्याला जाणार. चौथ्या दिवशीच तिचा फोन.

“बाबा, काल सहाशे बारा? सहाशे बारा पावलं म्हणजे तू नुसता बाथरूमला गेलास!”

“दोनदा गेलो,” हे म्हणाले.

“हसू नको हं. मी सीरियसली बोलतेय. तुला काही झालं ना, तर मी इथून काय करणार?”

शेवटी तिचा आवाज बारीक झाला. यांनी फोन माझ्याकडे दिला आणि गॅलरीत जाऊन बसले. तिला कसं समजावणार? रंगाच्या कारखान्यात पेट घेणारा माल असतो, त्यामुळे बॅटरीची कुठलीही वस्तू गेटच्या आत चालत नाही. घड्याळ घरीच राहायचं, देव्हाऱ्याखालच्या फळीवर, चार्जिंगच्या वायरीला. आणि घड्याळ नेऊ दिलं असतं, तरी खुर्चीवर काय मोजणार होतं ते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात निघाले आणि जाता जाता ते घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं.

हे मी का केलं ते सरळ लिहिते. आपल्यात बाईने नवऱ्यासाठी प्रदक्षिणा घालायची रीत आहे. हातात पाणी घेऊन त्याचं नाव-गोत्र उच्चारायचं, संकल्प सोडायचा, आणि फेऱ्या घालायच्या, फळ त्याला. माझ्या आजेसासूबाई गावच्या पिंपळाला आजेसासऱ्यांच्या तापासाठी घालायच्या आणि ताप उतरायचा, असं घरात सगळे सांगत. मग माझ्या चालण्याचं पुण्य यांच्या नावावर लागतं, तर पावलं का लागू नयेत? मला त्यात खोटं काही वाटलं नाही. देवळातल्या औदुंबराभोवती एक फेरी म्हणजे चाळीस पावलं. आधी मी अकरा फेऱ्या घालायचे. त्या दिवशी यांच्या नावाने संकल्प सोडला, ‘यांना चालतं ठेव’ म्हटलं, आणि एकशे आठ घातल्या. संध्याकाळी पुन्हा एकशे आठ.

देवळाच्या कट्ट्यावर वाती वळत बसणाऱ्या विमलाबाई आमच्याच बिल्डिंगमधल्या. सत्तरी उलटलेली, जिभेला हाड नाही.

“सुमती, अगं पुरे! औदुंबराला चक्कर येईल.”

“नवस आहे हो, विमलाबाई.”

“नवऱ्याचा ना? मग त्याला आण की. त्याने काय पाय भाड्याने दिलेत?”

“सी शिफ्ट आहे. झोपलेत अजून.”

“सदानकदा मेली कुठली तरी शिफ्ट आहेच,” त्या म्हणाल्या आणि वात जरा जोरातच वळली.

पंधरवड्यात देवयानीचा सूर बदलला. “बाबा! नऊ हजार! शाब्बास! मी ऑफिसात सगळ्यांना स्क्रीन दाखवली.” फोन स्पीकरवर होता. यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मनगटाकडे. तिथे घड्याळाचा पांढरा पट्टा उमटला होता. मला वाटलं, आता विचारतील. “थोडं थोडं जमतंय,” असं हे फोनवर म्हणाले आणि ताटातली भाकरी मोडली. आम्ही दोघंही त्यावर पुढे एक शब्द बोललो नाही. तीन महिने. वहीत मी रोज लिहीत होते: यांच्या नावे २१६.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. साखर आधीपेक्षा वाढलेली. योगिनीताईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. देवयानीने त्यांनाही आकडे पाठवले होते.

“काका, चालणं तर उत्तम आहे. माझे पंचविशीतले पेशंट एवढं चालत नाहीत. मग गोळीच कमी पडतेय म्हणायची.”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी यांच्याकडे बघितलं, हे टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. योगिनीताईंनी आणखी एक गोळी लिहून दिली, रात्रीच्या जेवणाआधी घ्यायची. बजावलंही, की ही घेऊन उपाशी राहू नका.

नवव्या दिवशी सकाळी नऊला दाराची बेल वाजली. दारात हे, आणि यांच्या दंडाला धरून राजरत्न. हा यांच्यासारखाच पॅनलवर, वयाने बराच लहान; सी शिफ्ट संपताना बदली म्हणून तोच येतो. यांचा शर्ट पाठीला चिकटलेला.

“काकू, घाबरू नका. आता बरे आहेत. मी आलो तेव्हा काका खुर्चीत थरथरत होते, घामाने नुसते भिजलेले. मला म्हणतात, तीन नंबरच्या टाकीचा आकडा दिसत नाही. आकडा समोर होता हो, एवढा मोठा.”

“मग?”

“साखर उतरलीय हे कळलं, माझ्या वडिलांना होतं तसं. चहात चार चमचे साखर घालून पाजली. आमच्या कंपनीच्या डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं.” मग तो यांच्याकडे वळला, “आणि काका, डबा तसाच आहे. का नाही खाल्लात?”

“टाकीत माल चढत होता,” हे म्हणाले. “नजर काढता येत नव्हती.”

“एक हात तर मोकळा होता!”

राजरत्न चहा न घेताच गेला; सुपरवायझरला पॅनलवर बसवून आला होता, त्याला परत जायचं होतं. यांना मी आडवं केलं, पडदे ओढले. डबा उघडून बघितला. पोळ्या मी घडी घातल्या तशाच. मेथीची भाजी तशीच. नऊ दिवसांपूर्वी मी तोंड उघडलं असतं तर ती गोळी घरात आलीच नसती. देवासमोर बसले, पण त्या दिवशी मला जप सुचेना. मनगटावरचं घड्याळ सोडून फळीवर ठेवलं, वही पिशवीत घातली आणि योगिनीताईंकडे गेले.

त्यांना मी सगळं सांगितलं. संकल्प, फेऱ्या, घड्याळ. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या बराच वेळ वहीची पानं उलटत राहिल्या.

“रोज लिहिता?”

“बावीस वर्षं.”

“सी, झोप पाच, डबा परत. बी, जेवण रात्री एक. सी, डबा अर्धा परत. हे माझ्यासमोर तीन महिने असतं ना काकू…” त्यांनी वही मिटली. “पाप-पुण्याचं मला कळत नाही. पण पावलं तुमची आणि साखर काकांची, एवढं मला कळतं. ही नवी गोळी आजपासून बंद. आणि त्यांना एकदम नऊ हजार नको. दहा मिनिटं. जी शिफ्ट असेल, त्या शिफ्टला जमेल त्या वेळी. आणि कामावर तासाभराने दोन मिनिटं उभं राहायचं.”

“खुर्ची सोडता येत नाही हो त्यांना.”

“मग सोडू नका म्हणावं. खुर्चीच्या मागे उभं राहा. आकडे तिथूनही दिसतात.”

हे संध्याकाळी उठले तेव्हा मी चहा दिला आणि सांगितलं, योगिनीताईंना सगळं सांगून आले म्हणून.

“बरं केलंस,” म्हणाले.

“तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलला का नाहीत हो?”

यांनी बशीत चहा ओतला. “पोरगी शाब्बास म्हणायची गं. पॅनलवर नऊ वर्षं झाली, काही बिघडलं तर फोन येतो. न बिघडल्याचा फोन कधी कोणाचा आला नाही.” मग एक घोट घेऊन, “आणि तू चालतेयस हे डोळे मिटले की दिसायचं. दिवसा झोप लागत नाही ना नीट. पडदे ओढलेले, बाहेर गाड्या. मी मनात मोजायचो. आता चाळीस, आता पन्नास. झोप लागायची.”

मी पदराने बशीखालचं टेबल पुसलं. ते स्वच्छच होतं.

देवयानीला रात्री यांनीच फोन केला. ती आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, “आई नऊ हजार चालते? गुडघे बघ तिचे आधी!” राजरत्नने सुपरवायझरकडून उभं राहायची परवानगी काढली. “नियमात खुर्ची रिकामी नको असं आहे. तिच्यावर काकांची पिशवी राहील,” असं त्याने त्यांना सांगितलं म्हणे.

राहिली माझी पहाटे सहाची देवळातली पूजा. लग्न झाल्यापासून मी ती वेळ चुकवली नव्हती, बाळंतपण आणि सोयरसुतक सोडून. पण सहाला जाऊन हे कुठल्या शिफ्टला बरोबर येणार? दोन दिवस मनात उलटसुलट चाललं. शेवटी देवापुढे बसून स्पष्ट बोलले, की तुला तिथी कळते तशी शिफ्टही कळत असेल, आता मला सांभाळून घे. तेव्हापासून ए असली की आम्ही संध्याकाळी सहाला जातो, बी असली की सकाळी दहाला. सी असली की मी सकाळी सव्वाआठला बसपाशी उभी राहते आणि हे घरी न येता थेट माझ्याबरोबर देवळात येतात, डब्याची पिशवी हातात, डोळे लाल. ऊन असतं. मग घरी जाऊन झोपतात. डबा आता रिकामा येतो, निदान बहुतेक वेळा. परवा एक पोळी परत आली होती. लिहून ठेवली आहे.

पहिल्या दिवशी यांनी तीन फेऱ्या घातल्या आणि कट्ट्यावर बसले.

“आलात का शेवटी?” विमलाबाई म्हणाल्या. “मला वाटलं, नवरा म्हणून ही कोणाची तरी गोष्ट सांगते.”

“मीही ऐकलीय ती गोष्ट,” हे म्हणाले. “त्यात मी फार चालतो.”

आता अकरापर्यंत आलेत. साखर अजून हवी तितकी उतरलेली नाही. योगिनीताई म्हणतात, वेळ लागेल. कॅलेंडर बघून ठेवलं आहे, यंदा अष्टमीला यांची बी शिफ्ट. टेंभी नाक्याची ती दिव्यांची संध्याकाळ यंदाही नाही. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, “सकाळी जाऊ. देवी काय संध्याकाळीच असते?” असते सकाळीही. पण मला ती संध्याकाळ हवी आहे, भांड्यांच्या दुकानाची ती पाटी हवी आहे, आणि पुढे निघून गेलेली ती पाठ. हे देवाला सांगितलं नाही. वहीत लिहिते आहे.

आज सी. अकरा फेऱ्या झाल्यावर हे बसले आणि मी पुढे चालू लागले. माझ्याही आता एकवीसच. देवयानीने शपथ घातली आहे. प्रत्येक फेरीत झाडाआड गेले की हे दिसेनासे होतात, आणि वळून आले की कट्ट्यावर असतात, मांडीवर पिशवी, विमलाबाईंच्या वातींकडे बघत. एकविसाव्या फेरीला वळून आले तर कट्ट्यावर यांची जागा रिकामी. विमलाबाईंनी हनुवटीने पुढे दाखवलं. हे पुढे चालत होते, माझ्या दहाएक पावलं पुढे, शर्ट पाठीला जरा घामेजलेला. मी वेग वाढवला नाही. औदुंबराच्या पलीकडच्या बाजूला भिंतीवर देणगीदारांचा संगमरवरी फलक आहे. तिथे हे थांबले. हात मागे बांधून एकेक नाव वाचू लागले.

माझ्यासाठी थांबले की दम लागला म्हणून, मी विचारलं नाही. शेजारी जाऊन उभी राहिले.

“काय वाचताय एवढं?”

“अध्यक्षांच्या नावात एक काना कमी पडलाय,” म्हणाले, आणि आम्ही चालू लागलो.